सासऱ्यांची आवक-जावक

पत्राला उत्तर देण्याच्या बाबतीत आमच्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस या पृथ्वीवर अजून जन्माला आलेला नाही, आणि देवाची कृपा असेल तर येणारही नाही. असे दोघे असते आणि त्यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार सुरू झाला असता, तर तो थांबवायला पोलीस बोलवावे लागले असते. लग्नाची पत्रिका आली की लोक आहेराचं पाकीट शोधतात, आमचे सासरे आधी पोच लिहायचे. विमा एजंटानं दिवाळीचं छापील कार्ड पाठवलं, त्याला उत्तर. 'प्रिय ग्राहक' म्हणून बँकेनं सगळ्या गावाला धाडलेलं परिपत्रक आलं, त्यालाही उत्तर. निवडणुकीत एका उमेदवारानं दाराखालून पत्रक सरकवलं, तर त्याच्या कार्यालयात यांचं पोस्टकार्ड गेलं: 'आपले पत्रक पोचले. मतदान गुप्त असल्याने याहून अधिक लिहिता येत नाही, क्षमस्व.' तो उमेदवार पुढे पडला, ते वेगळं.

हा सगळा दोष त्यांच्या टेबलाचा. सरकारच्या कालवे-धरणांच्या एका कचेरीत चौतीस वर्षं ते आवक-जावकच्या टेबलावर होते. म्हणजे बाहेरून आलेला प्रत्येक कागद आवकच्या रजिस्टरात चढवायचा, त्याला नंबर द्यायचा, शिक्का मारायचा. आणि त्याचं उत्तर निघालं की ते जावकच्या रजिस्टरात चढवून त्यालाही नंबर. माणूस निवृत्त झाला, पण टेबल त्याच्याबरोबर बिबवेवाडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलं. लाल कापडाच्या पाठीची दोन रजिस्टरं टीव्हीच्या शेजारी उभी असायची. माझं लग्न जमलं तेव्हा माझ्या वडिलांनी यांना रीतसर पत्र लिहिलं. आठ दिवस काहीच नाही. माझी झोप उडाली. हिला विचारलं तर म्हणाली, "अरे, कागद फिरतोय. आईच्या टेबलावर आहे." नवव्या दिवशी उत्तर आलं: 'आपले पत्र पोचले. मजकूर समजला. विषयांकित प्रकरणी आमच्या कुटुंबाची हरकत नाही.' वर जावक क्रमांक, खाली लफ्फेदार सही. लग्नाला अमुक वर्षं झाली म्हणून लोक मिरवतात, मी माझा क्रमांक सांगू शकतो. सासूबाई मात्र या रजिस्टरांकडे बघून म्हणायच्या, "मी बोलते त्याला या घरात उत्तर येत नाही. लेखी द्यायला हवं बहुतेक."

अशा माणसाला ब्लॉग काढून देण्याची दुर्बुद्धी मला झाली. मी तेव्हा खराडीत एका कंपनीत संगणकासमोर दिवसाचे दहा तास बसत होतो, आणि जावई संगणकात आहे म्हटल्यावर सासुरवाडीचा मिक्सर बिघडला तरी मलाच फोन यायचा. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून मी त्यांना एक संगणक जुळवून दिला. त्या दिवसांत ज्याला त्याला ब्लॉग काढायचा होता. कुणी कविता टाकायचं, कुणी वांग्याच्या भाताचे फोटो. मी सहज म्हणालो, "बाबा, तुम्हीही लिहा की." त्यांनी दोन दिवस विचार केला आणि एकच प्रश्न विचारला, "हे वर्ध्याकडे दिसतं का?" मी म्हटलं, वर्ध्याकडे काय, वॉशिंग्टनलाही दिसतं. "वॉशिंग्टनला माझं कुणी नाही," ते म्हणाले.

वर्ध्याकडे होता त्यांचा मित्र. नोकरीच्या पहिल्या सहा वर्षांत एका धरणाच्या कँपावर, पत्र्याच्या एका खोलीत, एका स्टोव्हवर हे दोघं राहिले होते. मग त्या मित्राची बदली झाली, त्यानंतर ना पत्र ना पत्ता. पस्तीस वर्षं झाली होती. तो कुठे आहे, कसा आहे, एवढं कळावं म्हणून सासऱ्यांचा सगळा खटाटोप. ब्लॉगला त्यांनी नाव दिलं 'संकीर्ण', कारण ज्या कागदाला कुठलीच फाईल नाही तो कचेरीत संकीर्णमध्ये जातो. आणि लिहायचेही बहारीचं हो! मित्र स्वयंपाक इतका तिखट करायचा की हे उशाखाली गुळाचा खडा ठेवून झोपायचे. मित्र बेसूर गायचा आणि यांनी डोळे मिटून डुललंच पाहिजे असा त्याचा आग्रह असायचा. सगळं लिहिलं, फक्त मित्राचं नाव लिहिलं नाही. सगळीकडे नुसतं 'दि.'. मी कपाळाला हात लावला. "अहो बाबा, नाव, गाव घाला! तो नाही तर त्याच्या घरातलं कुणीतरी शोधेल." सासरे म्हणाले, "त्याची लेखी परवानगी आहे का आपल्याकडे? छापील मजकुरात दुसऱ्याचं नाव असं घालता येत नाही." "मग त्याला कळणार कसं?" "त्याला कळेल," म्हणाले, आणि पुढचा गुळाचा खडा टंकायला लागले.

तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. चौथ्या आठवड्यात पहिली प्रतिक्रिया आली आणि मला ऑफिसात फोन. "जावईबापू, परगावाहून पत्र आलंय!" आवाज असा की नातू झाल्याची बातमी देतायत. मी उघडून पाहिलं. कुणा रॉबर्टनं लिहिलं होतं, 'नाइस पोस्ट! व्हेरी युजफुल इन्फर्मेशन,' आणि खाली टेक्सासमधल्या छपरं दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा दुवा. मी समजावलं की बाबा, हा फुकट जाहिराती चिकटवण्याचा धंदा आहे, यंत्रं करतात, भाड्याची माणसं करतात, तुमचं अक्षरही कुणी वाचलेलं नसतं. ते शांतपणे म्हणाले, "वाचलं नसेल. पण लिहिलंय ना? मग पोच द्यायला नको?" संध्याकाळी आवकच्या रजिस्टरात रॉबर्टची नोंद झाली आणि त्याच्या प्रतिक्रियेखाली हे उत्तर झळकलं: 'महोदय, आपले पत्र पोचले. आमच्या सोसायटीच्या गच्चीतून गेली चार वर्षे पाणी गळते. मोजमापे सोबत दिली आहेत. आपला माणूस पाठविल्यास सेक्रेटरींशी गाठ घालून देऊ.' मोजमापं खरोखर दिली होती. त्यासाठी हे टेप घेऊन गच्चीवर जाऊन आले होते.

त्यानंतर जी रीघ लागली ती काय सांगू! उत्तर देणारा ब्लॉग आहे हे त्या जगात कसं पसरतं देव जाणे. केस उगवणारी तेलं आली, वजन उतरवणारे पट्टे आले, पत्त्यांचे अड्डे आले. पत्त्यांवाल्याला उत्तर गेलं, 'आमच्या घरी फक्त मेंढीकोट चालतो, तोही गणपतीत.' एकदा ऑफिसात मी ब्लॉग उघडला आणि माझे कान गरम झाले. कुणीतरी पुरुषांच्या त्या निळ्या गोळ्यांची जाहिरात टाकली होती आणि खाली आमच्या सासऱ्यांनी लिहिलं होतं, 'आपण दाखविलेल्या काळजीबद्दल आभारी आहे. मी गेली बारा वर्षे रात्री त्रिफळा घेतो व त्याचा उत्तम गुण आहे. सबब तूर्त आवश्यकता नाही. सौ.लाही विचारले, तीही नको म्हणाली.' मी गाडी काढून येरवड्यापासून बिबवेवाडीपर्यंतचे सगळे सिग्नल शिव्या देत पार केले आणि ते उत्तर स्वतःच्या हातानं पुसलं. सासरे आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते. पाठवलेलं उत्तर परत घेतलेलं त्यांच्या चौतीस वर्षांत झालं नव्हतं.

पत्र कुठल्याही भाषेत येवो, उत्तर राज्याच्या भाषेत, असा त्यांचा खाक्या. त्यामुळे रॉबर्ट, कॅथी, जेसिका या मंडळींना अस्सल कचेरीतलं मराठी मिळायचं. या जेसिकाचा तर आमच्या घरी अगदी नात्यागोत्यात समावेश झाला. मनगटी घड्याळं विकणारी ही बाई दर चार दिवसांनी यायची. सासूबाई विचारायच्या, "आज जेसिकाचं नाही आलं काही? बरं असेल ना तिचं?" ती श्रीमती की कुमारी हे ठरेना, तेव्हा सासऱ्यांनी तिला सरळ 'चि. जेसिका' करून टाकलं. एकदा तिनं लिहिलं, 'ग्रेट पोस्ट! अवर वॉचेस. नेव्हर बी लेट अगेन!' पुन्हा कधी उशीर होणार नाही. त्यावर सासऱ्यांचं जे उत्तर गेलं, ते वाचून माझी बायको ऑफिसात रडली आणि मला फोन करून म्हणाली, "तू वाचलंस का? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं रे."

त्यांनी लिहिलं होतं: 'चि. जेसिका हिस आशीर्वाद. उशिराबद्दल आपण लिहिता, म्हणून कळविणे भाग पडते. पुलगावजवळचा दिगंबर माझा मित्र. त्याची बदली चांद्याच्या पलीकडे जंगलात झाली. पत्नी पोटुशी, तिकडे दवाखाना वीस कोसांवर. बदली थांबविण्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. तो अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला तेव्हा पाच वाजून पाच मिनिटे झाली होती. मी पाचला रजिस्टर बंद केले होते. मी त्यावर दुसऱ्या दिवसाचा शिक्का मारला. अर्ज मुदतबाह्य ठरला. वास्तविक शेवटच्या ओळीखाली एका नोंदीची जागा होती. त्यानंतर मी पाचला रजिस्टर कधी मिटले नाही आणि कुणाचा कागद अनुत्तरित ठेवला नाही, पण त्याचा दिगंबरला काय उपयोग? त्याची पत्नी व मूल सुखरूप आहेत किंवा कसे, हे मला अद्याप ठाऊक नाही. घड्याळाची आवश्यकता नाही. कळावे.'

मी त्यांना विचारलं, "बाबा, ब्लॉगवर नाव घालत नाही म्हणता, आणि इथे नावगावासकट सगळं?" ते म्हणाले, "ते छापील. हे पत्र. पत्रात माणूस मोकळं लिहितो." हे पत्र अख्ख्या जगाला दिसतंय हे त्यांना पटवण्याच्या भानगडीत मी पडलो नाही. पण त्या दिवसापासून मला त्या जाहिरातींचा भयंकर राग यायला लागला. रोज चाळीस-चाळीस यायच्या. आमचा म्हातारा माणूस इतक्या कळकळीनं लिहितोय आणि समोर कोण, तर केसांचं तेल! त्यात यांना काचबिंदूचे थेंब चालू होते, डॉक्टरांनी पडद्यासमोर अर्ध्या तासाच्या वर बसू नका म्हणून बजावलं होतं, आणि हे चार-चार तास रॉबर्टला समजावत बसायचे. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मी गाळणी बसवली. जाहिरातवाले, त्यांची नावं, त्यांचे पत्ते, सगळे ओळखून ती परस्पर बाजूला काढायची, आणि महिनाभरानं आपोआप पुसून टाकायची. "आता तुमच्याकडे फक्त खरी माणसं येतील," मी ऐटीत सांगितलं.

खरी माणसं आली नाहीत. एकही नाही. सासरे सकाळी अंघोळ करून संगणकासमोर बसायचे, शून्याचा आकडा बघायचे, आवकच्या रजिस्टरात तारीख घालून खाली 'निरंक' लिहायचे आणि उठायचे. दिवाळी गेली. लिहिणंही थांबलं. जेवताना मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "दि. वाचत असता तर एव्हाना काहीतरी आलं असतं. बहुतेक नसेल तो." एवढंच, आणि आमटी पुढे ओढली. सासूबाई मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाल्या, "तुमची ती गाळणी काढा बाई. जेसिका येत होती तेच बरं होतं. निदान हे माझ्याशी भांडत तरी होते." मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, मी काढली नाही. माझं काम चोख झालंय याचा मला अभिमान होता.

मग एका रविवारी सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, जी पत्रं आपण फेटाळता ती ठेवता कुठे?" मी म्हटलं, एका कोपऱ्यात पडतात, कचरा आहे नुसता. "कचरा असेल. पण फेटाळलेल्या अर्जाचीही यादी असते. बघू द्या." मी कुरकुरत तो कोपरा उघडला. हजाराच्या वर प्रतिक्रिया होत्या. मी सगळं पुसायच्या बटणावर बाण नेऊन ठेवला होता, ते म्हणाले, "थांबा. वाचल्याशिवाय नाही." आणि चष्मा वर सरकवून पहिल्यापासून वाचायला बसले. मी सोफ्यावर वर्तमानपत्र उघडलं. विसाव्या मिनिटाला त्यांचा आवाज आला, "हे जरा वाचता का? माझ्या डोळ्यांना धूसर दिसतंय."

नाव होतं जेसिका. मजकूर मराठी, तारीख सत्तावीस दिवसांपूर्वीची. आणखी तीन दिवसांनी तो पुसला गेला असता. 'आजोबा, मी जेसिका. माझं खरं नाव प्रणाली. मी पुण्यात खराडीले काम करते. रोज दीडशे ब्लॉगवर कमेंट टाका लागते, आन् मग लिंक अजून हाय का पाहाले परत यावं लागते. दोन वर्षांत मले कोनीच उत्तर नाही देल्लं, तुम्हीच देता. मी तुमचे सगळे पत्रं वाचले. मी पन वर्ध्याकडचीच आहो. दिवाळीत घरी चालली, माझे मामा यष्टीत कंडक्टर हायेत, पुलगावच्या लायनीवर. इचारून पाहते.' खराडीत! मी जिथे जेवायच्या रांगेत उभा राहतो तिथे कदाचित ही माझ्या पुढे ताट घेऊन उभी असेल, आणि मी तिला माझ्या हातानं कचऱ्यात टाकलं होतं. मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

बरीच खाली तिचीच दुसरी प्रतिक्रिया होती: 'आजोबा, दिगंबरराव सापडले. तुमचं पत्र मी त्याइले वाचून दाखवलं. तुम्ही काहून काही लिहीत नाही?' आणि तिसरी, बारा दिवसांपूर्वीची. 'हे ते बोलले, मी टाइप करून राहिली.' मी मोठ्यानं वाचू लागलो.

'अबे, अर्जाचं काय घेऊन बसला? पाच मिनटं काय न् पाच तास काय, सायबानं बदली रद्द केलीच नसती, त्याले त्याचा भाचा आनायचा होता माझ्या जागी. पोरगी तिकडंच झाली, झकास झाली. तिचा पोरगा आता सातवीत हाय. बायको मस्त हाय, तुले अजून शिव्या देते का हा गूळ खाऊन खाऊन माझ्या नवऱ्याचा स्वयपाक खराब म्हने. अर्जासाठी मी तुह्यावर कधी रागावलोच नाही. पन तू स्टँडवर आला नाही. मी गाडी सुटेपर्यंत खिडकीतून पाहून राहिलो होतो. ते मात्र लय लागलं गड्या.'

खाली प्रणालीनं त्यांचा पुलगावजवळचा पत्ता आणि स्वतःचा फोन नंबर दिला होता. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी आवकचं रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं, पेनाचं टोपण काढून दिलं. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "शरमेनं गेलो नाही हो मी," ते म्हणाले, "कोणत्या तोंडानं जायचं म्हणून खोलीतच बसून राहिलो. गाडीचा हॉर्न ऐकू आला होता मला." मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, "दोन सदरे काढून ठेवा. याचं उत्तर टपालानं जायचं नाही."

मी पुढच्याच गाडीचं वर्ध्याचं तिकीट काढलं. ज्या माणसामुळे त्या मित्राचा निरोप बारा दिवस कचऱ्यात पडून राहिला, त्यानं एवढं तरी करायला हवं होतं. प्रणालीला मी दुसऱ्या दिवशी फोन करायचं ठरवलं. आधी स्टेशन. त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. पिशवी मांडीवर, पिशवीत सासूबाईंनी दिलेले लाडू, डब्यात बाकी प्रवासी जागेसाठी वाद घालत होते. एरवी मी कुठे सोडायला गेलो की सासरे दाराशीच म्हणायचे, "या आता, तुमची कामं खोळंबतील." निरोप वगैरे लांबवणं त्यांना आवडायचं नाही, त्यांच्या मते तो वेळेचा अपव्यय. मी खिडकीशी उभा राहिलो, पाण्याची बाटली आत दिली, औषधांची पुन्हा आठवण केली, आणि सवयीनं म्हटलं, "निघू मग मी, बाबा?"

त्यांनी खिडकीच्या गजावरचा माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "घाई नसेल तर," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "गाडी सुटेपर्यंत थांबता का?"

गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. त्यांनी हात सोडला नाही, आणि ती आणखी उशिरा सुटली असती तरी मला चाललं असतं.